घराला पत्ता लागू न देता : नवशिक्या सुधारकांसाठी आहारपुस्तिका

ज्यांच्या घरात नुकताच कोणाचा तरी रिपोर्ट आला आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. रिपोर्टात एचबीएवनसी नावाच्या ओळीपुढे ६.१ असा आकडा आहे. ५.७ ते ६.४ या टापूला डॉक्टर मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, घरातले लोक 'शुगर काठावर आहे' म्हणतात. ज्याची शुगर काठावर आहे तो माणूस निवांतपणे चहात खारी बुडवतो आहे. घाबरलेले तुम्ही आहात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि काठावरचे १३ कोटींच्या वर. म्हणजे तुमच्यासारखे घाबरलेलेही काही कोटी असणार आणि त्यातले बरेच जण या घटकेला ओट्स आणायला निघालेले असणार. त्यांना दुकानाच्या पायरीवरच अडवणं हा आमचा पहिला उद्देश.

साहित्य

घरात आहे तेवढंच. किनवा, चिया, ऑलिव्ह तेल, एअर फ्रायर, हाडांचं वजन वेगळं सांगणारा वजनकाटा, यातलं काहीही आणू नये. या वस्तू आणल्या, की सुधारणा झाल्यासारखी वाटते आणि ती तिथेच थांबते. जवस, तीळ, कारळे आणि अळीव ही मंडळी तुमच्या फडताळात वर्षानुवर्षं बसलेली आहेत. त्यांची विचारपूस केली तरी पुष्कळ. 'मल्टिग्रेन' असं ठळक छापलेला पाव उचलला असेल, तर पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे; पहिल्या जागी मैदा दिसला तर बाकीची धान्यं नावापुरती आहेत असं समजावं.

खरेदी केल्याशिवाय चैन पडतच नसेल, तर साखरेच्या डब्यात मावेल असा एक छोटा चमचा आणा. त्याचा उपयोग पुढे येतो.

पूर्वतयारी

महाराष्ट्राला सुधारकांची मोठी परंपरा आहे आणि घरच्याच लोकांकडून छळ होण्याची त्याहून मोठी. आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली, तीही पुण्यात. त्यांचे प्रश्न फार मोठे होते, तुमचा प्रश्न फोडणीतल्या तेलाचा आहे. तरीही, 'उद्यापासून आपल्या घरात साखर बंद' हे वाक्य एकदा मोठ्याने उच्चारून पाहा. आजी म्हणतील, "आमचं आता राहिलंय काय? दोन घास गोड खाल्ले तर तुमच्या पोटात का दुखतं?" आजोबा काही बोलणार नाहीत, ते संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडतील आणि जिलबी खाऊन येतील. दहावीतला मुलगा फोनवरून परस्पर मागवायला शिकेल. आणि ही बातमी घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचल्यावर नाशिकची आत्या, बडोद्याचे काका आणि न्यू जर्सीची चुलतबहीण अशा तिन्ही दिशांनी उपाय यायला लागतील: मेथीचं पाणी, दालचिनीचं पाणी, उपाशीपोटी दुधीचा रस.

दुधीच्या रसापाशी गंमत बाजूला ठेवायला हवी. दुधी कडू निघाला तर त्याचा रस एक घोटसुद्धा पिऊ नये. त्यातल्या कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत आणि वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली होती. कडू म्हणजे गुणकारी, हा समज कारल्यापुरता ठेवावा.

घोषणेचा दुसरा धोका असा, की घरात पंथ तयार होतात. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर असा वाद रंगला होता आणि पुष्कळ घरांत तो अजून मिटलेला नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर उभं राहून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकरांनी आपल्या पहिल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलं होतं. आम्हांला दोघांविषयी आदर आहे. पण सासरे दीक्षितांचे, सून दिवेकरांची, मुलगा जिमच्या प्रशिक्षकाचा आणि आजी चातुर्मासाच्या, असं घर असेल, तर त्या घरातला गॅस बंद होत नाही. चार पंथांचे चार स्वयंपाक करणारी बाई मात्र सहसा एकच असते, आणि ती कोणत्या पंथाची हे तिला कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून पुस्तिकेचं मुख्य सूत्र: सांगू नका. कमी करा, पण सांगू नका.

हे सूत्र आमच्या सुपीक डोक्यातून निघालेलं नाही. इंग्लंडात या शतकाच्या सुरुवातीला लोकांच्या खाण्यातलं मीठ कमी करायचं ठरलं. तिकडे मीठ पोटात जातं ते मुख्यतः पाव आणि तयार खाण्यांतून. मग पाव करणाऱ्यांनी मीठ थोडं थोडं, टप्प्याटप्प्याने उतरवलं. 'आता कमी मीठ' असा डांगोरा पिटला नाही. दहा वर्षांत तिथल्या पावातलं मीठ सुमारे २० टक्क्यांनी उतरलं आणि माणशी रोजचं मीठ ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आलं. पाव बेचव झाला म्हणून मोर्चे निघाल्याचं ऐकिवात नाही. जिभेची ही खुबी आहे. चव एकदम हिरावून घेतली तर ती बोंब मारते. हळूहळू कमी होत गेली तर काही आठवड्यांत तिला तेच बरोबर वाटू लागतं, आणि पूर्वीचं खारट. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आपण सरासरी त्याच्या जवळपास दुप्पट खातो. तेव्हा उतरायला जागा पुष्कळ आहे. सुरुवात भातात आणि कणकेत पडणाऱ्या मिठापासून करा. आमटीला हात लावू नका, आमटीत पकडले जाल.

कृती

आधी चहा. आता तो छोटा चमचा काढा. साखरेच्या डब्यातला जुना चमचा उचला आणि नवा ठेवा. बोलायचं काही नाही. करणारा माणूस सवयीने दोनच चमचे घालणार आणि साखर आपोआप कमी होणार. चहाचा साधा चमचा साखरेने भरला की चार-पाच ग्रॅम होतात. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले, तर ३२ ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. वरून घातलेली सगळी साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पंधरा दिवसांनी चमचा शिगोशीग भरायचा थांबवा. पाहुण्यांचा चहा वेगळा आणि गोड करा, नाहीतर बातमी फुटेल.

कोणी 'गुळाचा चहा आरोग्याला चांगला' म्हणत साखरेच्या जागी गूळ आणला, तर वाद घालू नये, पण दोन चमचे गुळाचे तीन होऊ देऊ नयेत. गुळात थोडे क्षार असतात हे खरं. उष्मांक जवळपास साखरेएवढेच असतात. रस्त्यारस्त्यावर निघालेल्या गुळाच्या चहाच्या दुकानांनी ही दुसरी गोष्ट पाटीवर लिहिलेली आम्ही पाहिली नाही.

तेलाचं काम कढईशी करू नये, यादीशी करावं. १९७० साली 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली आणि मराठी घरांना नेमका स्वयंपाक शिकवला, पण तेलाच्या बाबतीत आपण अजून अंदाजपंचेच आहोत. हिशोब सोपा आहे. बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला वरून घातलेलं तेल-तूप दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरतं. चौघांचं घर, माणशी २५ ग्रॅम आणि ३० दिवस, म्हणजे तीन किलो. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. तेव्हा तूप धरूनही चौघांना महिन्याला तीन-साडेतीन पिशव्या व्हायला हव्यात. तुमच्या वाणसामानाच्या यादीत किती आहेत ते आम्ही विचारत नाही. शिवाय बाहेरचा वडापाव आणि फरसाण या हिशोबात धरलेलंच नाही. २०२५ च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ते शेजाऱ्यांसाठी आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. तुम्ही एवढंच करा: पुढच्या यादीत अर्धी पिशवी कमी लिहा. महिनाअखेरीला डबा तळ दाखवू लागला, की फोडणी करणारा हात न सांगता आखडतो.

आता पोळी-भाकरीकडे येऊ. इथे घाई करू नये, आम्हीही करणार नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून जाहीर केलेलं भरडधान्यांचं वर्ष होतं. त्या वर्षापासून शहरातल्या सुधारकाला ज्वारी-बाजरी-नाचणीचा शोध लागला आणि हा शोध तो घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगू लागला. कृपया हे करू नका. ज्यांनी बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या अमेरिकन मिलोच्या लाल भाकऱ्या घशाखाली घातल्या आहेत, त्यांना 'मिलेट्स'चं माहात्म्य सांगू नये. त्यांच्या लेखी पोळी हे सुखाचं लक्षण होतं. आयुष्यभर राबून ते गव्हापर्यंत पोचले, आणि आता नातू सांगतो, की परत ज्वारीकडे चला. त्यात ज्वारी आता गव्हापेक्षा महाग. त्यांचा राग समजून घ्यायला हवा.

म्हणून दळणापासून सुरुवात करावी आणि गिरणीवाल्याला विश्वासात घ्यावं. पाच किलो लोकवन गव्हात अर्धा किलो ज्वारी आणि पाव किलो हरभऱ्याची डाळ घाला. पुढच्या दळणाला ज्वारी आणखी मूठ-दोन मुठी वाढवा, मग थोडी नाचणी. पोळी जरा काळपट दिसेल. "गहू कुठला आणला?" असं विचारलं तर "तोच" म्हणा, गहू तोच आहे. लाटताना पोळीच्या कडा फाटू लागल्या की थांबा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे ती पिठाला धरून ठेवत नाही. तुमच्या घराची मर्यादा तीच.

आठवड्यातून दोनदा खरी भाकरी करायची असेल, तर ज्वारी चांगली आणा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि पहिल्या घासाला ते का मिळालं हे समजतं. पीठ ताजं हवं आणि पाणी कडकडीत. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते, आणि दोष आरोग्याच्या कल्पनेला जातो. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, वजनाला वजन धरलं तर गायीच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हे मनात ठेवा आणि तांबड्या-काळ्या भाकरीबरोबर लोणी किंवा झुणका द्या. माहिती वाढू नका, झुणका वाढा. आणि एक गोष्ट सुधारकाने स्वतःशी कबूल करावी: भाकरीतही पिष्टच असतं. 'भाकरी आहे, कितीही चालते' म्हणत चार भाकऱ्या खाल्ल्या, तर काठावरची शुगर काठ ओलांडते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा सगळा खटाटोप मांडला ती. आपल्या पानाला डावी बाजू असते. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर आणि लोणचं, उजवीकडे भाजी-आमटी. आहाराचा सगळा शहाणपणा या मांडणीत होता, फक्त डावी बाजू हळूहळू आक्रसत गेली. कोशिंबीर सणावारी, तीही चमचाभर. लोणचं-पापड मात्र रोज. ती बाजू पुन्हा वाढवायची. काकडीची खमंग कोशिंबीर, गाजर, मुळा, बीट, कोबीची पचडी, मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ. आधी भाजी-कोशिंबीर-उसळ आणि मग भात-पोळी, या क्रमाने जेवलं तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. पण हा अभ्यास घरात वाचून दाखवू नका. जेवायला हाक मारल्यावर आणि पहिली पोळी तव्यावरून उतरण्याआधी, मधल्या दहा मिनिटांत कोशिंबिरीचं भांडं नुसतं टेबलावर ठेवून द्या. भुकेलेला माणूस समोर दिसेल ते खातो. दहावीतला मुलगासुद्धा.

इथे प्रश्न उरतो तो चिरण्याचा. कोशिंबीर आपोआप होत नाही. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मोड आले की नाहीत ते पाहायचं. काकडी चोचायची, गाजर किसायचं, दाणे भाजून कूट करायचं. आहारसुधारणेची बहुतेक पुस्तकं हे काम कोण करणार ते सांगत नाहीत. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, आणि घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७. सकस आहार म्हणजे अनेक घरांत या २९९ मध्ये आणखी चाळीस मिनिटांची भर. त्या भरीला कंटाळून सुधारणा बंद पडते, आणि दोष येतो 'हिलाच उत्साह नाही' म्हणून.

पुस्तिकेतला एकच कडक नियम म्हणून इथे देतो. ज्याने रिपोर्ट पाहून ठराव मांडला, त्याने विळी घ्यावी. विळीवर बसता येत नसेल तर सुरी आणि पाट घ्यावा. ज्याचा रिपोर्ट आहे त्याने मटकी भिजवावी. मुलाने दाण्याचं कूट करावं; मिक्सर त्याला फोनपेक्षा सोपा जाईल. ही व्यवस्था जमत नसेल तर ही पुस्तिका इथेच मिटून ठेवा आणि पूर्वीसारखं जेवा. निदान एका माणसाचे हाल तरी वाचतील.

उपवासांना शक्यतो हात लावू नये, आणि आषाढीला तर मुळीच नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे, तुम्ही नवं काही सांगत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि तो ज्या कसाव्यापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतून आलेला. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिका खंडांतूनच आलेली. कोलंबसाच्या आधी आपले पूर्वज उपासाला काय खात असतील, हा प्रश्न जेवताना काढू नये; आजींच्या श्रद्धेवर आघात होतो आणि खिचडीही गार होते. संकष्टीसारख्या लहान उपवासाला खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करून पाहा. ती कोणालाच नको वाटत नाही.

चालण्याबद्दल थोडक्यात. रोज १०,००० पावलं हा आकडा कुठल्या वैद्यकीय शोधातून आला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला निघालं, त्याच्या नावात तो होता. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर उतरायला मदत होते, आणि आपल्याकडे त्याला शतपावली म्हणतातच. पहाटे टेकडी चढून खाली उतरल्यावर पोहे, जिलबी आणि कटिंग घेणाऱ्या मंडळींचं नुकसान चालल्याने होत नसतं.

किती दिवसांत?

'२१ दिवसांत सवय लागते' असं सगळे सांगतात. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात असं त्यांना दिसलं होतं. पुढे लंडनमध्ये ९६ माणसांच्या सवयींचा प्रत्यक्ष अभ्यास झाला आणि २०१० साली छापून आला. त्यात सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. चमचा बदलल्यावर निदान दोन महिने दळणाकडे पाहू नका. दिवाळीच्या आधी महिनाभर काहीच सुरू करू नका. फराळापुढे कोणताही सुधारक टिकलेला नाही आणि टिकूही नये. चकली नाचणीची केली तर घर तुम्हांला वर्षभर ऐकवेल.

शेवटी एक अपवाद नोंदवून ठेवा. घरात कोणाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ताटातला भात-पोळी कमी केल्यावर औषधाचं प्रमाणही बदलावं लागू शकतं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं पोटॅशियमचं मीठही परस्पर आणू नये. असं काही करायचं असेल, तर आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एवढ्यापुरतं आमचं सूत्र बाजूला ठेवावं.